पुण्यातून पहिल्यांदा समुद्रावर जाताय? आधी कालनिर्णय काढा

आमच्या ऑफिसातल्या लातूरच्या एका मुलाने आई-वडिलांना समुद्र दाखवायचं ठरवलं. दोघांनी साठी ओलांडलेली, समुद्र पाहिलेला तो फक्त टीव्हीवर. त्याने मोबाइलवर मुरूडला खोली घेतली, पैसे भरले आणि मला सांगायला आला, "ताई, शनिवारी जंजिरा करतो, रविवारी परत." मी पत्ता बघितला तर खोली दापोलीच्या मुरूडात. जंजिरा आहे तो रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळ, हे मुरूड रत्नागिरी जिल्ह्यातलं, आणि मधे दोन मोठ्या खाड्या. तिसरं मुरूड त्याच्याच लातूर जिल्ह्यात आहे. तिथे समुद्र नाही एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात आलेल्यांची पहिली कोकणवारी बहुतेक अशीच घाईत ठरते. शुक्रवारी रात्री कुणीतरी "चला कोकणात" म्हणतं आणि शनिवारी पहाटे पाच जण एका गाडीत कोंबलेले असतात. माझं आजोळ श्रीवर्धनजवळचं, त्यामुळे अशा प्रत्येक टोळीचा फोन मला येतो. तेच ते परत परत सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

गाव आधी, हॉटेल नंतर

पुण्याहून कोकणात जायचं म्हणजे कुठला तरी घाट उतरायचाच. म्हणून विचार घाटापासून करावा.

ताम्हिणी उतरलात की माणगाव, आणि तिथून म्हसळ्याच्या बाजूला वळलं की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पहिल्या खेपेला मी डोळे झाकून हेच सांगते. दिवेआगर पुण्याहून साधारण एकशेसाठ किलोमीटर. वाटेत चहा, फोटो आणि कुणाला तरी गाडी लागणं धरून पाच तास. दापोलीची बाजू, म्हणजे कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले, दोनशेच्या आसपास पडते. लोणावळा-खोपोली-पेण करून अलिबाग आणि पुढे काशीद हा रस्ता सोपा, पण शनिवार-रविवारी अर्धी मुंबईही तिथेच असते. गणपतीपुळे तीनशेच्या पुढे, मालवण-तारकर्ली त्याहून लांब. मालवणला दोन दिवसांत जाऊन येणारे बहाद्दर मी पाहिलेत. सोमवारी ऑफिसात ते कसे दिसतात तेही पाहिलंय. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचं स्कूबा, देवबागचा संगम हे सगळं नीट बघायला चार दिवस काढा, नाहीतर राहू दे.

आणि नावं तपासा. कोकणातली मुरूड दोन, वेळासही दोन. एक दिवेआगरजवळचं, दुसरं मंडणगड तालुक्यातलं. कासवांचं आणि नाना फडणवीसांचं वेळास ते दुसरं. खोलीचे पैसे भरण्याआधी तालुका आणि जिल्हा वाचायची सवय लावून घ्या.

एक गाव धरून दोन रात्री राहा. तीन किनारे, दोन किल्ले, एक देऊळ अशी यादी केलीत की समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसतो.

तारीख ठरवताना तिथी बघा

लातूरचा तो मुलगा शेवटी दापोलीच्या मुरूडलाच गेला. मीच म्हटलं, खोली ठेव, जंजिरा सोड. ते दुपारी बाराच्या सुमाराला पोचले तेव्हा पाणी पार सुरूच्या झाडांपाशी आलेलं. जेवले, झोपले, साडेपाचला परत किनाऱ्यावर आले तर समुद्र लांब गेलेला आणि समोर ओल्या वाळूचं मैदान. त्याच्या आईने विचारलं, "पाणी कुठं गेलं रे? धरणातून सोडलं का?"

आपण सगळे हसलो तरी प्रश्न बरोबर होता. समुद्रावर दिवस कसा जाणार हे भरती-ओहोटीवर ठरतं, आणि बेत आखताना तेवढंच बघायचं राहून जातं. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाने पुढे. ती काढायची कोकणी रीत अगदी सोपी आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारला भरती, दुपारी साडेचारला भरती, आणि साडेदहाच्या आसपास ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमा आणि अमावस्या पंधरा धरायच्या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढा अंदाज पुरतो. माझे आजोबा घड्याळाकडे न बघता वेळ सांगायचे आणि आम्हाला ती जादू वाटायची. ती जादू म्हणजे पाऊणकीचा पाढा होता हे पुष्कळ उशिरा कळलं.

आता याचा उपयोग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास दुपारी बाराला मोठी भरती, ज्याला उधाण म्हणतात, आणि संध्याकाळी सहाला तितकीच खोल ओहोटी. म्हणजे सूर्य मावळताना किनारा सगळ्यात रुंद. अनवाणी चाला, पोरांना क्रिकेट खेळू द्या, शंख वेचा. पौर्णिमा असली तर समोर सूर्य पाण्यात जात असतो आणि पाठीमागे डोंगरावरून चंद्र वर येत असतो. अष्टमीच्या सुमाराला उलटं. भरती संध्याकाळी सहाला, पुळण म्हणजे वाळूचा किनारा अरुंद, पण ती भांगाची भरती, पाणी फारसं चढत-उतरत नाही. वाईट काही नाही, फक्त संध्याकाळच्या लांब फेरीची अपेक्षा ठेवू नका.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात घामाने जीव जातो. एप्रिल-मेमध्येही जातो, पण आंबा असतो म्हणून लोक सोसतात. नाताळ ते एक जानेवारी अजिबात जाऊ नका. तेव्हाचे दर ऐकून गोवा स्वस्त वाटतो. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं, पण ते ओसरीवर बसून बघायचं. जंजिऱ्याच्या होड्या बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, आणि १ जूनपासून मासेमारीवर बंदी, म्हणजे ताटातली ताजी मासळीही गेली. सुट्टी मिळत असेल तर रविवार ते मंगळवार जा. खोल्या स्वस्त, किनारा मोकळा, आणि खानावळवाल्या काकूंना तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

घाट उतरताना

पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडा. सात वाजले की पिरंगुटपर्यंतच तास जातो. पेट्रोल पिरंगुट-पौडच्या अलीकडे भरा, थोडी रोख रक्कम खिशात ठेवा, आणि मुळशी धरणाच्या पुढे मोबाइलची रेंज जाते हे घरी सांगून ठेवा, नाहीतर आई उगाच काळजी करते. नकाशा आधीच डाउनलोड करून घ्या.

ताम्हिणीची वळणं फार अवघड नाहीत, पण ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा. निघताना पोहे पोटभर खाऊ नका. आवळासुपारी किंवा लिंबू जवळ ठेवा. पावसाळ्यात इथे दरडी येतात आणि धुकं इतकं दाट असतं की समोरच्या गाडीचे दिवेच तेवढे दिसतात. भोरवरून महाडला उतरणारा वरंधा घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो, त्याची चौकशी करूनच निघा.

गाडी नसेल तर एसटी आहेच. दापोलीला स्वारगेटवरून गाड्या सुटतात. खिडकीची जागा पकडा आणि पिशवी पायाशी ठेवा. दुचाकीवर पहिल्यांदाच एवढ्या लांब जायचा विचार असेल तर मी नाही म्हणेन, पण तुम्ही ऐकणार नाही, तेव्हा निदान परतीचा घाट उजेडात चढा.

खोली आणि जेवण

जाहिरातीत "सी-टच" लिहिलेलं असतं. आम्ही एकदा अशा एका ठिकाणी उतरलो. समुद्र होता, गच्चीच्या कोपऱ्यात टाचा उंचावल्या की नारळाच्या दोन झावळ्यांमधून निळा पट्टा दिसायचा. तेव्हापासून मी फोनवर एकच प्रश्न विचारते: "चालत किनाऱ्यावर जायला किती मिनिटं?" मीटर कुणीही काहीही सांगतो, मिनिटं सांगताना माणूस जरा अडखळतो.

पहिल्या वेळी घरगुती सोय बघा. नारळी-पोफळीच्या वाडीत घर, मागे दोन-चार खोल्या, पुढे पडवी. पर्यटन महामंडळाची निवासस्थानं हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्लीला आहेत आणि त्यांच्या जागा बहुतेक मोक्याच्या आहेत, पण ती लवकर भरतात. जाताना दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये मधेच उघडं आभाळ दिसेल, नवी कोवळी झाडं दिसतील. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हा खोलीच्या भाड्यात दोनशे रुपयांसाठी घासाघीस करताना हेही डोक्यात असू द्या.

जेवणाची एक गोष्ट नवख्यांना कळत नाही आणि मग ते उपाशी राहतात: कोकणात जेवण आधी सांगावं लागतं. दुपारचं सकाळी नऊपर्यंत, रात्रीचं चारपर्यंत, किती माणसं आणि शाकाहारी किती हे मोजून. अडीच वाजता जाऊन "काय मिळेल?" विचारलंत तर बिस्किटं मिळतील. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा.

मासे कधीच खाल्ले नसतील तर सुरमईच्या तुकडीपासून सुरुवात करा. मधला एक काटा, बाकी सगळा गर. कोलंबीलाही काटा नाही. बांगडा चवीला भारी, पण काटे निवडायचा सराव लागतो. मांदेली कुरकुरीत तळलेली असेल तर काट्यासकट जाते. पापलेट आणि सुरमईचा भाव आकारावर असतो, ऑर्डर देण्याआधी विचारा. विचारण्यात कमीपणा काही नाही, बिल आल्यावर गप्प बसण्यात आहे. सोलकढी भातावर घ्या किंवा नुसती प्या, पण आणखी मागाच. शाकाहारी लोकांचे इथे हाल होतील असं समजू नका. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं आणि सकाळी घावणे-चटणी. माझा मासे खाणारा नवराही श्रीवर्धनात दोन वेळा शाकाहारी खानावळीत जेवतो.

पाण्यात उतरताना

इथे मी जरा करड्या आवाजात बोलणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये जंजिऱ्याच्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुण्यातल्या तलावात पोहायला शिकलेल्याला समुद्रातलं पोहता येतं असं नाही.

नवख्याने गुडघ्यापर्यंत जावं. बास. ओहोटी सुरू झाली की तेवढंही नको, कारण पाणी बाहेर चाललेलं असतं आणि पायाखालची वाळूही घेऊन जातं. उधाणाच्या दिवशी दुपारी लांबूनच बघा. सगळ्यात फसवी जागा म्हणजे लाटा फुटत नाहीत तो पट्टा. दोन्ही बाजूंना फेस, मधे शांत पाणी. पोरं तिथेच जातात, आणि किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरात आत परततं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडा, मग लाटांबरोबर या. गणपतीपुळ्याचा समुद्र देखणा आणि दगाबाज आहे. देवळासमोर उभं राहून तो बघावा. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांसाठी मी वेगळं काही लिहीत नाही. गावातला माणूस "नका जाऊ" म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा, एवढंच सगळ्यांना.

गाडीचंही तेच. आमच्या भावजींनी एकदा ओल्या वाळूवर गाडी घातली. ओली वाळू घट्ट होती, गाडी मस्त पळाली. वळवताना मागची चाकं कोरड्या वाळूत गेली आणि रुतली. भरती चढत होती. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, चाकं आणखी खाली. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला, दोर बांधला, दोन हजार रुपये घेतले आणि ट्रॅक्टरवाला जाताना म्हणाला, "दर रविवारी एक असतेच." गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे लावा आणि चालत जा. वाळूतल्या खेकड्यांवरही तेवढेच उपकार होतील.

दोन दिवसांचा माझा बेत

शनिवारी दुपारपर्यंत दिवेआगर. जेवण, झोप, संध्याकाळ किनाऱ्यावर. गावात सुवर्णगणेशाचं देऊळ आहे. १९९७ मध्ये एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा मिळाला. २०१२ मध्ये दरोडा पडून तो गेला, त्यात दोन रखवालदार मारले गेले. आणि परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा २०२१ मध्ये पुन्हा बसवला. गावातलं रूपनारायणाचं देऊळ लहान आहे, पण मूर्तीपुढे पाच मिनिटं थांबाच.

रविवारी सकाळी समुद्राला लागून जाणाऱ्या रस्त्याने श्रीवर्धनला जा. हा रस्ता म्हणजे या सहलीचा अर्धा आनंद; वळणावळणावर खाली रिकामी पुळण दिसते. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. इथल्या भटांच्या घराण्यातले बाळाजी विश्वनाथ घाट चढून वर गेले, १७१३ मध्ये पेशवे झाले, आणि त्यांच्या मुलाने पुण्यात शनिवारवाडा बांधला. कर्वे रोडवर रोज अडकणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं की महर्षी कर्व्यांचं गाव म्हणजे दापोलीचं मुरूड. पुण्यातली बरीच आडनावं अशी घाट चढून आलेली आहेत. तुम्ही परभणीहून आलात आणि ते श्रीवर्धनहून, फरक तीनशे वर्षांचा.

तिथून हरिहरेश्वर. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर असा दर्शनाचा क्रम. देवळामागून प्रदक्षिणेची वाट दोन कातळांच्या फटीतून पायऱ्यांनी खाली समुद्रात उतरते आणि डोंगराला वळसा घालून परत येते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कातळ असा कोरला गेलाय की मधाची पोळी लटकवल्यासारखी वाटतात. ही वाट फक्त ओहोटीला करायची. भरती चढायला लागली की लाट थेट वाटेवर येते, आणि शेवाळावरून पाय सुटला तर धरायला काही नाही. आता पाऊणकीचा पाढा कामाला येतो: रविवारी एकादशी असेल तर भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोन-अडीचला, म्हणजे दीडच्या सुमाराला उतरा. तिथली पाटी वाचा, पुजाऱ्यांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर वरूनच नमस्कार.

एखादा दिवस जास्त असेल तर जवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवा आणि बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरा. पाच-दहा मिनिटांचा प्रवास. लहान मुलांना अख्ख्या सहलीत हाच लक्षात राहतो. पुढे वेळास. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाण्यात जाताना दिसतील. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभं केलं. सकाळी किंवा संध्याकाळी पिल्लं सोडतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, टॉर्च मारायचा नाही, हात लावायचा नाही. कधी पन्नास पिल्लं निघतात, कधी एकही नाही. पैसे परत मागू नका.

दापोलीच्या बाजूला गेलात तर हर्णैच्या बंदरावरचा माशांचा लिलाव चुकवू नका. पाटीभर मासळीभोवती बायका कोंडाळं करून उभ्या असतात, बोली इतकी भराभर चढते की कुणी घेतलं हे नवख्याला कळतच नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जवळच आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती.

परतताना

माणगावात रविवारी संध्याकाळी मुंबई-गोवा महामार्गाची गर्दी आणि आपली गर्दी एकमेकांत घुसते. दुपारी प्रदक्षिणा केली असेल तर रविवार रात्र तिथेच काढा आणि सोमवारी पहाटे निघा. ते जमत नसेल तर सकाळी दहाला निघायचं आणि प्रदक्षिणा पुढच्या खेपेला. मधला मार्ग नाही, मी सगळे करून पाहिलेत.

वाटेत आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी घ्या. कोकम सरबत चाखून मगच घ्या, काहींत नुसती साखर असते. सुके बोंबील किंवा सोडे घेतलेत तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर वर्तमानपत्र, आणि झाकण घट्ट बसणारा डबा. आम्ही एकदा नुसत्या कापडी पिशवीत ठेवून आलो. पुढचे दोन महिने सोसायटीच्या पार्किंगमधलं मांजर आमच्याच गाडीखाली झोपत होतं. पुण्यात आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खाऱ्या हवेने पत्रा लवकर गंजतो.